माणसं मोजली, वाट मोजली नाही

शहरात माणसं वाढणार हे आधीच दिसत असतं. मग त्यांच्यासाठी आखणी करताना नेमकं काय मोजतात? आज आपण नवी मुंबईच्या इतिहासात याचं उत्तर शोधू.

१९५१ साली बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख माणसं होती. १९७१ पर्यंत ती जवळजवळ ६० लाख झाली. तिन्ही बाजूंना पाणी, म्हणून वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. कचेऱ्या मात्र दक्षिणेलाच राहिल्या. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून सुचवलं की, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. तिथे घरांबरोबर कामधंदाही न्यावा, ही त्यातली मुख्य गोष्ट.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांचा परिसर नव्या शहरासाठी ठरला. उद्दिष्ट होतं २० लाख लोकवस्तीचं. पण मंत्रालय मुंबईतच राहिलं आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला, लोकल मात्र वाशीला पोचली १९९२ साली. तोवर अनेकांचं घर खाडीपलीकडे आणि नोकरी अलीकडे. घरातली बाई नोकरी करणारी असेल, तर पहाटेचं पाणी, डबे आणि बसची रांग, सगळं तिच्याच झोपेतून वजा व्हायचं.

आता गावांकडे पाहू. इथले आगरी, कोळी भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासळीवर जगत. लावणीत, मिठाच्या कामात, मासळीच्या विक्रीत बायका बरोबरीनं राबत. पण जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो आणि ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. मासळीची पाटी कुठल्या उताऱ्यावर लिहिलेली असते? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण प्राणाला मुकले. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं.

नवी मुंबई फसली असं आम्ही म्हणत नाही. तिथे घाऊक बाजार गेले, रोजगार आला, लाखो कुटुंबांना घर मिळालं. पण घर आधी आणि गाडी वीस वर्षांनी, या उशिराची किंमत कुणीतरी रोज मोजत होतं.

मैत्रिणींनो, शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा कायद्यानं हरकती-सूचनांसाठी जाहीर करावाच लागतो. आपल्या शहराचा मसुदा निघाला की बचत गटाच्या बैठकीत तो उघडून बसूया. घरं किती, हे तर बघूच. पण बस कधी येणार, नळ, शौचालय आणि पाळणाघर कुठे, भाजी-मासळीवालीनं बसायचं कुठे, हेही विचारूया. आणि मुदतीच्या आत लेखी देऊया.