हवाल्यांची मोजदाद

पेशीविज्ञानातल्या संशोधकाची पत आज चार आकड्यांवर ठरते: शोधनिबंध किती, त्यांचे हवाले इतरांनी किती दिले, एच-निर्देशांक किती आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत स्थाननिश्चितीची फाइल तयार करणाऱ्या प्राध्यापकाला हे आकडे तोंडपाठ असावे लागतात. ही मोजदाद कुठून आली, हे पाहायचे तर आपण आधी अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला जाऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करत होते. ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली, त्याला गाठून ते ती पडताळून घेत. पुढे मूळ ग्रंथ हरवला आणि आठवणींवरून पाठ पुन्हा उभे करावे लागले, तेव्हा कोणता पाठ कोणाचा हेही पंथाने जपले. हिराइसेचा पाठ हिराइसेच्याच नावावर राहिला. हवाला द्यायचा तो मागून येणाऱ्याला खातरजमा करता यावी म्हणून. मोजण्याचा विचार त्यात नव्हता.

मोजणी नंतरची आहे आणि तीही विज्ञानातली नव्हे, वकिलीतली. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला काढल्या. जुन्या निकालाचा पुढच्या कोणत्या निकालांत उल्लेख झाला, तो उचलून धरला की फिरवला, हे त्या चिठ्ठीवर असे आणि वकील ती आपल्या पुस्तकात त्या-त्या पानाच्या कडेला चिकटवत. १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी वेगळाच व्यवहारी प्रश्न घेतला: लहानशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके विकत घ्यावीत? त्यांनी एका प्रमुख नियतकालिकाच्या वर्षभराच्या अंकांतल्या तळटिपा मोजल्या. आपल्या शियाली रामामृत रंगनाथनांनीही १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या परिषदेत ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली होती. या इतिहासात तिची आठवण फारशी निघत नाही. इथवर सारा कारभार ग्रंथपालांचा होता आणि मोजली जात होती ती पुस्तके-नियतकालिके, माणसे नव्हेत.

शेपर्डची चिठ्ठी विज्ञानात आणली यूजीन गारफील्ड यांनी. शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेअर यांनी १९५३ मध्ये त्यांना पत्र लिहून ती पद्धत कळवली. १९५५ मध्ये गारफील्ड यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतले सुमारे १४ लाख हवाले त्यांनी पाच खंडांत गुंफले आणि १९६४ पासून हा कोश नियमित निघू लागला. नियतकालिकातल्या निबंधाला सरासरी किती हवाले मिळतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरही मुळात कोशात कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवण्यासाठीच होता.

याच काळात मराठी मुलखात पेशीविज्ञान रुजत होते. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. त्या जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध सांगितले जातात. १९८२ च्या पद्मभूषणच्या वेळी मात्र एच-निर्देशांक जन्मालाही आला नव्हता. उतारवयात त्यांनी नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. त्या कामाचे मोल हवाल्यांत कसे करणार? त्यांचे गुरू गाय यांचेच पाहा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ज्या हेला पेशींवर जगभर हजारो निबंध उभे राहिले, त्यांची पहिली नोंद गाय यांनी १९५२ मध्ये एका परिषदेच्या छोट्या सारांशात केली. साधन सर्वांच्या हाती रुळले की त्याच्या कर्त्याचा हवाला देणे थांबते. उलट १९५१ चा ऑलिव्हर लाउरी यांचा प्रथिने मोजण्याच्या कृतीवरचा निबंध तीन लाखांवर हवाले घेऊन सगळ्यांच्या पुढे गेला. लाउरी स्वतः म्हणत, तो काही थोर निबंध नव्हे!

माणसाला आकडा चिकटला २००५ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांच्या एच-निर्देशांकाने: किमान दहा हवाले मिळालेले दहा निबंध असतील, तर निर्देशांक दहा. ३० जून २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी मोजणी थेट पगाराशी जोडली. विज्ञानातल्या परीक्षित नियतकालिकातल्या निबंधाला तेव्हा १५ गुण आणि इम्पॅक्ट फॅक्टर दोन ते पाच असेल तर वर आणखी १५ मिळत. अमरावती विद्यापीठ १९८३ चे. त्याच्या महाविद्यालयांतली बरीचशी मंडळी आठवड्याभराच्या तासिका आणि प्रात्यक्षिके सांभाळून, मोजक्या सूक्ष्मदर्शकांवर संशोधन करणारी. ऊतिसंवर्धनाची जंतुविरहित खोली इथे सहज मिळत नाही. गुणांचा तक्ता मात्र मुंबई-पुण्याइतकाच इथेही लागू. मग पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या ‘इंटरनॅशनल’ नियतकालिकांचे फावले नसते तरच नवल. मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांच्या आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली आणि पुढच्या वर्षी ‘केअर’ यादी आणली.

तिकडे डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकी पेशीविज्ञान संघटनेच्या अधिवेशनातच एक जाहीरनामा आकाराला आला होता: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे मोल ठरवू नका. ज्यांना या आकड्यांचा सर्वाधिक लाभ, त्यांच्यातूनच हा विरोध निघाला, हे मला विशेष वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केली. नियतकालिकाची पारख आता संस्थांनी स्वतः करायची आहे. म्हणजे निबंध वाचावा लागणार. आणि ज्या विभागात पेशीविज्ञान जाणणारे एकच प्राध्यापक आहेत, तिथे त्यांचा निबंध कोणी वाचायचा, हे कोणत्याही परिपत्रकाने सुटणारे नाही.