समुद्र कोणाचा?



आजच्या भाषणाचा विषय समुद्रावरील सीमा हा आहे. जमिनीवरील सीमा आपल्या परिचयाची असते. शेताला बांध असतो, गांवाला शीव असते, राज्याला नदी किंवा डोंगर असतो. कांहींच नसलें तर दगड पुरून खूण करतां येते. समुद्रावर दगड पुरतां येत नाहीं. शाळेंतील नकाशांत तो एकाच निळ्या रंगानें रंगविलेला असतो, आणि म्हणून तो कोणाचाच नाहीं, किंवा सर्वांचा आहे, असें मुलांना वाटतें. परंतु ह्या निळ्या पटावर मालकी सांगणारांची इतिहासांत कधींच वाण पडलेली नाहीं. ती मालकी पूर्वीं कशाच्या बळावर सांगत, आज कशाच्या बळावर सांगतात, आणि ह्या दोहोंत खरोखर किती अंतर पडलें आहे, हें आपण पाहूं.

इ. स. १४९४ मध्यें स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन राज्यांनीं तोर्देसिल्यास येथें तह करून अटलांटिक महासागरांतून दक्षिणोत्तर एक रेषा ओढली. रेषेच्या पश्चिमेस सांपडतील ते नवे मुलूख स्पेनचे आणि पूर्वेस सांपडतील ते पोर्तुगालचे, असें ठरलें. ज्यांचे मुलूख वांटले गेले त्यांस कोणीं विचारलें नाहीं. पुढें १४९८ मध्यें वास्को द गामा मलबार किनाऱ्यास लागला, १५१० मध्यें गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, आणि त्यांबरोबर ही मालकीची कल्पनाही आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वीं गुजराती, अरब व मलबारी व्यापारी बंदरांत जकात देत. परंतु भर समुद्रांतून जाण्यासाठीं परवानगी मागण्याचा प्रसंग त्यांजवर सहसा येत नसे. पोर्तुगीजांनीं ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना सुरू केला. जहाज कोणाचें, नाखवा कोण, माल कोणता, जावयाचें कोठें, हें त्यांत लिहिलेलें असे. परवाना नसलेलें जहाज धरलें जाई व माल जप्त होई. मक्केच्या यात्रेकरूंस नेणारीं मोगल जहाजें सुद्धां ह्यांतून सुटलीं नाहींत. इ. स. १६१३ मध्यें जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचें ‘रहीमी’ हें जहाज, परवाना जवळ असतांही, पोर्तुगीजांनीं पकडलें. स्वतः दिलेला कागदही न मानण्याइतकी ज्याची तोफ मोठी, त्याचा समुद्र, असा हा न्याय होता.

ह्या न्यायाला पहिला विद्वत्तापूर्ण विरोध झाला तो हॉलंडमध्यें. परंतु तोही निःस्वार्थ नव्हता. १६०३ मध्यें सिंगापूरजवळ डच लोकांनीं ‘सांता कातारिना’ नांवाचें मालानें भरलेलें पोर्तुगीज जहाज लुटलें. ह्या लुटीचें समर्थन करण्याचें काम डच ईस्ट इंडिया कंपनीनें ह्यूगो ग्रोशियस ह्या तरुण वकिलावर सोंपविलें. त्या लेखनांतील एक प्रकरण १६०९ मध्यें ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, ह्या नांवानें लेखकाच्या नांवाशिवाय प्रसिद्ध झालें. वाऱ्याप्रमाणें समुद्रही मुठींत धरतां येत नाहीं, म्हणून तो कोणाच्या मालकीचा होऊं शकत नाहीं, हा त्याचा मुद्दा. युक्तिवाद मोठा सुंदर, आणि आजच्या कायद्याचा तो एक पाया आहे. परंतु चारच वर्षांनीं, १६१३ मध्यें, हाच ग्रोशियस लंडनास वाटाघाटीसाठीं गेला, तेव्हां पूर्वेकडील मसाल्याच्या बेटांत डचांचाच व्यापार राहावा, अशी बाजू त्यास मांडावी लागली; आणि इंग्रजांनीं त्याच पुस्तकांतील युक्तिवाद त्याच्यापुढें टाकला! पुढें १६३५ मध्यें जॉन सेल्डन ह्या इंग्रज पंडितानें ‘बंद समुद्र’ असा उलट ग्रंथ लिहून इंग्लंडभोवतालच्या पाण्यावर आपल्या राजाची मालकी सिद्ध केली. तात्पर्य, समुद्र मुक्त असावा कीं बंद, हें त्या काळीं बहुधा स्वतःच्या आरमाराकडे पाहून ठरत असे.

आपल्या कोंकणच्या इतिहासांतही हाच वाद आहे. मात्र तो पुस्तकांतून नव्हे तर तोफांनीं लढला गेला. सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांनीं कोंकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं आपलें दस्तक घेतलें पाहिजे, असा आग्रह धरला. मुंबईकर इंग्रज स्वतः परवाने देत; परंतु आंग्र्यांचें दस्तक घेण्याचें मात्र त्यांनीं नाकारलें. १७१७ मध्यें विजयदुर्गावर, १७१८ मध्यें खांदेरीवर, आणि १७२१ मध्यें पोर्तुगीजांच्या साह्यानें कुलाब्यावर त्यांनीं चढाई केली. तिन्ही वेळां त्यांस हात हालवीत परतावें लागलें. इंग्रजी ग्रंथांत कान्होजीस चांचा म्हणत आले आहेत. परंतु एकाच पाण्यांत एकानें दिलेला कागद परवाना आणि दुसऱ्यानें दिलेला कागद दरोडा, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला, ह्याचें उत्तर त्या ग्रंथांत सांपडत नाहीं.

अठराव्या शतकाच्या आरंभीं बिंकरशूक ह्या डच न्यायशास्त्र्यानें एक व्यवहारी तोड काढली. जेथवर किनाऱ्यावरील शस्त्राची सत्ता पोंचते तेथवर समुद्र त्या राज्याचा, पलीकडे सर्वांचा. पुढें ही मर्यादा तीन समुद्री मैल धरली गेली व दीड-दोन शतकें बहुतेक राष्ट्रांनीं ती चालविली. म्हणजे कायद्याचें जें पहिलें माप ठरलें तेंही तोफेच्या गोळ्यानेंच!

ही घडी विसाव्या शतकांत विसकटली. १९४५ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं आपल्या किनाऱ्यालगत समुद्राखालीं पसरलेल्या उथळ भूभागांतील खनिजांवर हक्क जाहीर केला; तेथें तेल होतें. १९४७ मध्यें चिली व पेरू ह्यांनीं दोनशें मैलांपर्यंतचा समुद्र आपला म्हणून सांगितला. तेथें मासे होते. ह्या काळांतील सर्वांत बोधप्रद तंटा आइसलंडचा आहे. लोकवस्ती सुमारें दोन लाख, पदरीं सैन्य नाहीं, आणि निर्वाह बहुतांशीं मासळीवर. त्यानें आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्यें बारा, १९७२ मध्यें पन्नास व १९७५ मध्यें दोनशें मैलांवर नेली. ब्रिटननें आपल्या मच्छीमार जहाजांच्या रक्षणार्थ लढाऊ जहाजें धाडलीं. आइसलंडच्या गस्ती नौकांनीं त्या जहाजांच्या जाळ्यांचे दोर तोडले. अखेर १९७६ मध्यें ब्रिटननें माघार घेतली. तोफ मोठी ज्याची, समुद्र त्याचा, हें सूत्र येथें प्रथमच स्पष्टपणें खोटें ठरलें.

ह्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९७३ पासून नऊ वर्षें परिषद चालली आणि १० डिसेंबर १९८२ रोजीं जमैकांतील माँटेगो बे येथें समुद्रकायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तो १९९४ मध्यें अमलांत आला व भारतानें १९९५ मध्यें त्यास मान्यता दिली. अमेरिकेनें मात्र ती अद्यापि दिलेली नाहीं. ह्या कराराप्रमाणें किनाऱ्यापासून बारा समुद्री मैल, म्हणजे सुमारें बावीस किलोमीटर, हें राष्ट्राचें स्वतःचें पाणी होय; तरीही निरुपद्रवी परकी जहाजास त्यांतून जातां येतें. दोनशें मैलांपर्यंत मासे, तेल इत्यादि संपत्तीवर त्या राष्ट्राचा हक्क असतो, परंतु वाट सर्वांस मोकळी असते. ‘मुक्त’ व ‘बंद’ ह्या जुन्या दोन पक्षांचा हा मेळ आहे.

पण दोन शेजाऱ्यांचीं दोनशें मैलें एकमेकांवर चढलीं म्हणजे काय करावयाचें? ह्याचें उत्तम उदाहरण बंगालच्या उपसागरांत घडलें. १९७० च्या भयंकर चक्रीवादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशीं एक लहानसें बेट वर आलें. भारतानें त्यास न्यू मूर, व पुढें बांगलादेशानें दक्षिण तालपट्टी म्हटलें. १९८१ मध्यें भारतीय आरमारानें तेथें निशाण लावलें. वाळूच्या त्या तुकड्याची किंमत ती काय! परंतु समुद्रांत जाणारी सीमारेषा कोठून सुरू व्हावी, हें त्यावर अवलंबून होतें. पुढें समुद्रानेंच तें बेट परत घेतलें. २००९ मध्यें बांगलादेशानें हा वाद पंचांपुढें नेला. त्याचा किनारा आंत वळलेला असल्यामुळें, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपासून समान अंतरावर रेषा ओढल्या तर त्याच्या वांट्याचा समुद्र निमुळता होऊन मध्येंच संपत होता. म्हणून पंचांनीं ती रेषा कांहींशी सरकविली. ७ जुलै २०१४ रोजीं निकाल लागला. बेटाची जागा भारताच्या बाजूस राहिली. परंतु वादांतील सुमारें २५,६०२ चौरस किलोमीटर पाण्यापैकीं १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशास मिळालें. भारताचें आरमार कितीतरी मोठें होतें. तरी भारतानें निकाल मान्य केला. मला हा आपल्या राष्ट्राचा पराजय वाटत नाहीं.

ह्याच्या उलट, दोनच वर्षांनीं, १२ जुलै २०१६ रोजीं, दक्षिण चिनी समुद्राविषयीं फिलिपिन्सच्या बाजूनें निकाल लागला. चीननें तो मानला नाहीं. कायदा एकच, पंचांची पद्धतिही एकच; परंतु निकालाची अंमलबजावणी बलवानाच्या सदसद्विवेकावर राहिली.

हें सर्व मोठ्या राष्ट्रांचें राजकारण आहे, आपल्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें कच्छजवळील सर खाडीकडे पाहावें. सुमारें शहाण्णव किलोमीटर लांबीच्या ह्या खाडींत सीमा मध्यप्रवाहांतून जाते, असें भारत म्हणतो. ती पूर्व तीरावरून जाते, असें पाकिस्तान म्हणतो. दोन्ही पक्ष मुंबई सरकारच्या १९१४ च्या एकाच ठरावाचा आधार घेतात. १९६८ मध्यें कच्छच्या रणाचा निवाडा झाला, परंतु ही खाडी त्यांतून वगळलेली राहिली. आणि खाडीचें ठरल्यावांचून पुढील समुद्राचेंही ठरत नाहीं. इकडे मासळीच्या मागें गेलेल्या तांडेलास पाण्यावर रेषा दिसत नाहीं. होडी धरली जाते, आणि खलाशी परक्या तुरुंगांत पडतात. त्यांत गुजरातच्या होड्यांवर कामास गेलेले आपल्या पालघरकडील लोकही असतात. २००८ च्या करारान्वयें दोन्ही देश दर वर्षीं १ जानेवारीस व १ जुलैस कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात; त्या याद्यांत मच्छीमारांचीं नांवें असतातच. बंगालच्या उपसागरांत जें साधलें तें येथें साधेपर्यंत ह्या याद्या थांबावयाच्या नाहींत. आणि प्रत्येक नांवामागें किनाऱ्यावर वाट पाहणारें एक घर आहे, हें सीमेविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.