हैदराबादचा प्रश्न: पॅरिसमधली चर्चा आणि आपला काळा चबुतरा



परराष्ट्र धोरण, जागतिक सुरक्षा असे शब्द कानावर आले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येते, नाहीतर न्यूयॉर्क. निवृत्त राजदूत बोलतात, सेनाधिकारी बोलतात, आपण ऐकतो. मराठवाड्याचा या सगळ्याशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. १९४८ साली आपण राहतो तो प्रदेश कोणाचा, हा सुरक्षा परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय होता. ‘हैदराबादचा प्रश्न’ या नावाने तो तिथे दाखल झाला आणि कोणताही निर्णय न होता पुढे कित्येक दशकं परिषदेच्या यादीत नुसता पडून राहिला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात मात्र पॅरिसपासून नको, क्रांती चौकापासून करू. शिवाजी महाराजांच्या पुतळ्यामुळे हा चौक सर्वांना माहीत आहे. मोर्चे इथूनच निघतात. काळ्या चबुतऱ्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. १८५७ च्या जूनमध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने इथे बंड केलं. निजामाच्या हद्दीबाहेर लढायला जाणार नाही, असं त्या शिपायांचं म्हणणं होतं. पुण्याकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, खटले चालले, माणसं मारली गेली. त्या शिक्षांची जागा म्हणून हा चबुतरा ओळखला जातो.

आता हे नीट बघा. फौजेचं नाव हैदराबादचं. खर्च निजामाच्या मुलखातून, १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्यासाठीच तोडून दिलेला. अधिकारी मात्र इंग्रज, आणि युद्ध कोणाशी करायचं हेही इंग्रजच ठरवणार. म्हणजे निजामाच्या शहरात, निजामाच्या पैशावर पोसलेल्या शिपायांना इंग्रज सेनापती मृत्युदंड देतो. मग इथे सार्वभौम कोण? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि या शब्दाच्या व्याख्येवर वर्गात तास तास घालवले. पण इथलं उत्तर व्याख्येची वाट बघत नाही.

कागदोपत्रीही तसंच होतं. १८०० च्या तहाने निजामाने परक्या सत्तांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्क सोडला. पुढे सातव्या निजामाने वऱ्हाड परत मागताना इंग्रजांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला लेखी सुनावलं की, ही बरोबरी तुम्हाला नाही. आणि १९४७ साली, इंग्रज निघाले म्हणताच, निजामाने फर्मान काढलं की आपण स्वतंत्र होणार. बाजू अगदीच निराधार होती असं आम्ही म्हणणार नाही. अधिसत्ता संपली म्हणजे ती कोणाकडे गेली, हा कायद्याचा खरा प्रश्न होता. पण दीड कोटीहून अधिक लोकांच्या संस्थानात तो प्रश्न लोकांना विचारायची गरज निजामाच्या दरबाराला वाटली नाही, हेही तितकंच खरं.

नोव्हेंबर १९४७ मध्ये वर्षभराचा जैसे थे करार झाला. तो दोन्ही बाजूंनी मोडला जातोय अशा तक्रारी सुरू झाल्या. इकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरं, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रं आणून देत होता. आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यवहार आपल्याला आज टीव्हीवरचा विषय वाटतो. तेव्हा तो बिदरच्या धावपट्टीवर उतरत होता.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तार केली. संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नसलेल्या राज्यालाही तंटा मांडता येतो, अशी सनदेत तरतूद आहे. ती ३५ व्या कलमाची वाट त्यांनी धरली.

आणि साधारण याच दिवसांत खुद्द हैदराबाद शहरात काय झालं? ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रात्री कचेरीतून घरी चालले होते. संस्थानाने भारतात सामील व्हावं, असं ते उघड लिहीत. रस्त्यात त्यांना गाठून ठार मारलं, आणि लिहिणारा हात तोडला. या दोन घटना आम्ही नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. जी चर्चा जगाच्या व्यासपीठावर व्हावी म्हणून सरकार तारा करत होतं, तीच चर्चा आपल्या राजधानीत एका संपादकाने केली तर त्याचा जीव जात होता. निजामाच्या बाजूने लिहिणाऱ्या मोठमोठ्या कायदेपंडितांच्या लेखांत आम्हाला या माणसाचं नाव शोधावं लागतं.

११ सप्टेंबरला जिना वारले. १३ ला पहाटे भारतीय फौजा हद्दीत शिरल्या. औरंगाबादकडे आलेल्या तुकड्या मेजर जनरल ब्रार यांच्या हाताखाली होत्या. १४ तारखेला औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी पुढे येऊन शरणागती दिली.

आता पॅरिस. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची बैठक तिथे भरली होती. १६ सप्टेंबरला, म्हणजे आपलं शहर हाती येऊन दोन दिवस झाल्यावर, परिषदेत वाद कशावर? तर हा विषय चर्चेला घ्यायचा की नाही, यावर. अध्यक्षस्थानी ब्रिटनचे कॅडोगन. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हे मुळी राज्यच नव्हे, तेव्हा परिषदेला यात अधिकार नाही, हा मुदलियारांचा मुद्दा. मतदान झालं: आठ बाजूने, विरोधात कोणी नाही, आणि सोव्हिएत रशिया, युक्रेन व चीन तटस्थ. विषय पत्रिकेवर आला. दुसऱ्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ ला जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. २२ तारखेला निजामाने तार करून तक्रारच मागे घेतली. मग परिषदेपुढे पेच असा की, पॅरिसमध्ये बसलेलं शिष्टमंडळ आता कोणाचं? पाठवणाराच म्हणतो, मी यांना पाठवलेलं नाही! दबावाखाली म्हणतो की मनापासून, यावर वाद घालत बसले. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या जफरुल्ला खानांनी परिषदेत लांबलचक भाषण केलं. त्यानंतर परिषदेने या विषयाला हात लावला नाही.

याच मोईन नवाज जंगांनी २० सप्टेंबरला लंडनच्या बँकेतले दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर वळवले. त्या पैशाचा निकाल लागायला २०१९ उजाडलं. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पैशाचा निकाल निदान लागला.

विद्वानांतही वाद रंगला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अमेरिकन नियतकालिकात १९४९ साली तारकनाथ दास यांनी हैदराबादच्या दर्जाविषयी लिहिलं. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी क्लाइड ईगल्टन यांनी सुरक्षा परिषदेच्या वागणुकीवर टीका केली. दोन्ही लेख वाचण्यासारखे आहेत. तहांची कलमं आहेत, सनदेचा अर्थ आहे. माणसं नाहीत.

आणि माणसांचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय आम्हाला थांबता येणार नाही. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. त्याच्या आठवणी मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात भरपूर आहेत, आणि दर १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानात आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. पण फौजा आल्यानंतरच्या दिवसांत बदला म्हणून जे घडलं, ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते संस्थानात फिरले. त्यांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा आहे. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला बसली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार. शेजाऱ्यांचा जीव वाचवणाऱ्या हिंदूंच्या हकिकतीही याच अहवालात आहेत. सरकारने तो कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. बाहेर दाखवायला गैरसोयीचा, हे कारण समजतं. सरदार पटेलांना तो एकांगी वाटला, हेही समजतं. पण या आकड्यांवर वाद घालायचा तर कागद समोर हवा होता, आणि तो ज्यांच्या गावांबद्दल होता त्यांनाच मिळाला नाही.

आमच्या पिढीने या विषयावर घरात फार कमी ऐकलं. हिंदू घरांत रझाकार एवढा एकच शब्द, मुसलमान घरांत पोलीस ॲक्शन हे दोन शब्द, आणि पुढे गप्प.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ. ज्यांच्या घरी त्या वर्षाच्या आठवणी कोणी सांगितल्या असतील, त्यांनी आधी बोलावं. माईक मागे द्या.