निर्मळची यात्रा, मुंबईची वेळ आणि संगणकाची तारीख

१/ निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. वसई-विरारच्या परिसरात ही तिथी कोणाला विचारावी लागत नाही. मात्र एखाद्या संगणकीय पंचांगसेवेला ‘कार्तिक कृष्ण एकादशी कधी?’ असे विचारले आणि त्या सेवेचे सेटिंग उत्तर भारतीय पद्धतीचे असले, तर उत्तर सुमारे एक महिना आधीचे येते. ती तारीख असते ऐन दिवाळीच्या तोंडावरची, वसुबारसेच्या आसपासची. प्रश्न बरोबर, सेवेचे गणितही बरोबर. तरी यात्रा चुकते.

२/ कारण जुने आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, म्हणजे तो अमान्त. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, म्हणजे पूर्णिमान्त. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र नाव बदलते. आपल्या कार्तिक वद्य एकादशीला, म्हणजे आळंदीच्या यात्रेच्याही एकादशीला, उत्तरेत मार्गशीर्ष कृष्ण एकादशी म्हणतात.

३/ यात चाचणी करणाऱ्यासाठी एक सापळा आहे. गुढीपाडवा, आषाढी एकादशी, गणेश चतुर्थी, दसरा हे सारे शुक्ल पक्षातले. एवढ्याच तिथी तपासल्या तर चुकीच्या सेटिंगवरही प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होते. दोष उघड होतो तो निर्मळ किंवा आळंदीची तिथी विचारल्यावरच. चाचण्या किती घेतल्या यापेक्षा दोन पद्धती जिथे वेगळ्या होतात तिथे घेतल्या का, हे महत्त्वाचे ठरते.

४/ दोन संगणकप्रणालींनी एकमेकींशी कसे बोलायचे, याचा ठरलेला करार म्हणजे एपीआय. हा करार पाळला जातो का, हे पाहण्यासाठी पोस्टमनसारखी साधने वापरतात. अभिनव अस्थाना यांनी बंगळुरूत २०१२ च्या सुमारास हाती घेतलेले हे साधन आज जगभर वापरात आहे. रिक्वेस्ट पाठवायची आणि आलेले उत्तर अपेक्षेशी ताडून पाहायचे, हे त्याचे मुख्य काम. करारात जे लिहिलेलेच नसते, ते मात्र कोणत्याही साधनाला आपोआप कळत नाही.

५/ अशा न लिहिलेल्या गृहीतकांवरून मुंबई इलाख्यात एकेकाळी मोठा वाद झाला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. मद्रासची वेळ साधारण ५ तास २१ मिनिटे पुढे. रेल्वेने वेळापत्रकांसाठी मद्रास वेळ स्वीकारली. त्यामुळे शहरात एक वेळ आणि स्थानकावर दुसरी, असा अर्ध्या तासाचा फरक पडला. विरारहून मुंबईकडे १८६७ पासून उपनगरी गाडी धावू लागली होती. त्या मार्गावरच्या प्रवाशाला ‘किती वाजले?’ याबरोबर ‘कोणत्या घड्याळात?’ हेही विचारावे लागे.

६/ १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू केली. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही, आणि तो निर्णय पुढे मागे घ्यावा लागला. सूर्य मुंबईच्या माथ्यावर केव्हा येतो हे मद्रासने का ठरवावे, असा लोकांचा प्रश्न होता. घड्याळाचे काटे सरकवणे सोपे होते. त्या वेळेवर चालणारी न्यायालये, बाजार, प्रार्थना आणि गिरण्या सरकवणे तितके सोपे नव्हते.

७/ १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली : ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. मुंबईला घड्याळ ३९ मिनिटे पुढे करावे लागणार होते. गिरणी कामगारांतून निषेध उमटला. महापालिकेने तर मुंबई वेळ पुढे कित्येक दशके, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, सोडली नाही. त्या काळातल्या नोंदीवर ‘सकाळी ८’ लिहिलेले असेल आणि वेळ कोणती हे लिहिलेले नसेल, तर ती नोंद अपुरी आहे.

८/ दुसऱ्या महायुद्धाने यात भर घातली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. म्हणून जुने ज्योतिषी पत्रिका मांडताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम? युद्धकाळातला जन्म का?’ असे विचारून घेत. लग्नरास सरासरी दोन तासांनी बदलते. तिथे ३९ मिनिटांचा किंवा एका तासाचा फरक क्षुल्लक नाही. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, नोंद वाचण्यापूर्वी तिची परिभाषा विचारण्याची ती शिस्त मोलाची होती.

९/ आज हे काम संगणकातील वेळविभागांचा कोश करतो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात त्याची सुरुवात केली. जगातले बहुतेक सर्व्हर आणि फोन तो वापरतात. त्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा एकच विभाग आहे. १९०६ पूर्वीच्या काही दशकांसाठी तो मद्रास वेळ दाखवतो, युद्धकाळाचा वाढीव तासही त्यात आहे. मुंबईच्या ३९ मिनिटांसाठी मात्र वेगळा विभाग नाही. १९७० नंतरच्या नोंदी अचूक ठेवणे हे त्या कोशाचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यामुळे मुंबई वेळेत नोंदलेला १९३० चा जन्म तो निमूटपणे प्रमाणवेळेतला समजतो. त्रुटीचा संदेश येत नाही. फक्त उत्तर चुकते.

१०/ संक्षेपांचा घोटाळा याच जातीचा. ‘आयएसटी’ म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, असे आपण धरून चालतो. इस्राएल आणि आयर्लंड यांच्या वेळेचाही संक्षेप तोच आहे. जावा भाषेच्या जुन्या संक्षेपसूचीत त्याचा अर्थ भारत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ सेटिंगमध्ये वर्षानुवर्षे त्याचा अर्थ इस्राएल. दोघांमधून एकच नोंद गेली की साडेतीन तासांचे अंतर पडते. शहर आणि स्थानक यांची दोन घड्याळे इथे एकाच प्रणालीत नांदतात.

११/ आता रोजचा अनुभव. दिवसा नेहमी उत्तीर्ण होणारी चाचणी मध्यरात्रीनंतर नापास होते आणि पहाटे साडेपाचनंतर पुन्हा आपोआप सुधारते. कारण सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो आणि चाचणी लिहिणाऱ्याचा लॅपटॉप भारतीय वेळेवर. रात्री १२ ते ५.३० या काळात दोघांची ‘आजची तारीख’ वेगळी असते. ‘पुन्हा चालवली, झाली’ म्हणून असा दोष अनेकदा सोडून दिला जातो. पहाटे दोनला तिकीट काढणाऱ्याला मात्र चुकीची तारीख मिळत राहते.

१२/ त्याहून फसवे आहे ते अधिकचे चिन्ह. वेळ लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ ८६०१, १९८८ मध्ये आले. त्यानुसार भारतीय वेळेच्या शेवटी ‘+०५:३०’ लिहितात. पण वेबपत्त्यातील प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकच्या चिन्हाचा अर्थ बहुतेक सर्व्हर ‘मोकळी जागा’ असा घेतात. सर्व्हरला चिन्ह दिसतच नाही आणि तो तारीख अमान्य ठरवतो. ते चिन्ह सांकेतिक रूपात, म्हणजे टक्क्याचे चिन्ह, दोन आणि बी असे, पाठवले की काम होते. लंडनमध्ये हिवाळ्यात शेवटी ‘झेड’ लिहून चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधी भेटतच नाही.

१३/ लॉगिनच्या टोकनवर ‘अमुक क्षणानंतर वैध’ असे लिहिलेले असू शकते. दोन यंत्रांच्या घड्याळांत थोडे अंतर असले, तर नुकतेच दिलेले टोकनही ‘अजून वैध नाही’ म्हणून परत येते. सुरक्षा प्रमाणपत्रांचेही तसेच. पासवर्ड बदलून, साधन पुन्हा बसवून दिवस जातो आणि दोष घड्याळात निघतो.

१४/ म्हणून शोधाचा क्रम ठरवलेला बरा. आधी साधनाच्या कन्सोलमध्ये प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट आणि आलेले उत्तर अक्षरशः पाहावे. पाठवले असे वाटते ते आणि खरोखर गेले ते यांत फरक असतो. मग दोन्हीकडचा वेळविभाग, घड्याळ आणि चलांच्या किमती ताडाव्यात. आपल्या यंत्रावरची किंमत सहकाऱ्याच्या यंत्रावर असेलच असे नाही. प्रत्येक क्षण ग्रिनिचपासूनच्या अंतरासह लिहावा. विभाग पूर्ण नावाने लिहावा, संक्षेपाने नव्हे. चाचणीत घड्याळ एका क्षणी थांबवून रात्री १२ ते ५.३० मधली वेळ मुद्दाम द्यावी. कोड उघडावा तो त्यानंतर.

१५/ पंचांगाच्या चाचणीत तर एक ओळ हक्काने असावी : कार्तिक वद्य एकादशी, अमान्त, स्थान निर्मळ. तळ्याकाठच्या शंकराचार्यांच्या समाधिमंदिरी दरवर्षी येणाऱ्यांची तिथी त्यांना पाठ असते. पण परगावी वाढलेली पुढची पिढी ती फोनवर शोधते. फोनने महिनाभर आधीची तारीख सांगितली तर ती माणसे यात्रेला पोहोचणारच नाहीत, आणि त्यांच्या न येण्याची नोंद कोणत्याही त्रुटीसूचीत होणार नाही.