ठिणगीची वेळ आणि संगणकाचे शून्य

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडताक्षणी सगळे मिश्रण पेटत नाही. ज्वाला पसरायला वेळ लागतो. आपण हिशेब करू. मिनिटाला १००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ३००० फेरे घेणारा १८ अंश. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने ही वेळ बदली. हँडल मारताना दांडी चुकीच्या जागी असली, तर इंजिन उलटा झटका देई, मनगटे मोडत. पुढे फिरत्या वजनांनी हे काम उचलले. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल टोरोनाडोत ते मायक्रोप्रोसेसरकडे आले.

मग माणसाचे काम संपले का? नाही. फोर्डच्या १९८०च्या दशकातील कित्येक गाड्यांत मेकॅनिक आधी एक छोटी जोडणी काढून संगणकाची ढवळाढवळ थांबवी. मग ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा पुलीवरच्या खुणेवर धरून, डिस्ट्रिब्यूटर फिरवून ती बहुधा १० अंशांवर आणी. संगणकाला क्रँकशाफ्टची स्थिती डिस्ट्रिब्यूटरकडूनच कळे. ही मूळ जुळणी ४ अंश चुकली, की त्याचे प्रत्येक उत्तर ४ अंश चुके.

पुढे क्रँकशाफ्टजवळच संवेदक बसला आणि ही जुळणी संपली. प्रयोगशाळेतल्या तराजूपाशी मात्र मुलांना आपण हेच सांगतो: मोजण्याआधी शून्य तपासा.