विदर्भातील ‘रोमन’ नाणी : पारख आणि प्राप्तिस्थान

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती मार्गावर वसलेले आहे. तेथून जवळच, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, कौंडिण्यपूरची प्राचीन पांढरी आहे. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पांढरीवर पावसाळ्यानंतर खापरे, मणी आणि क्वचित नाणी उघडी पडतात. त्यामुळे या भागात नाणी जमविण्यास आरंभ करणाऱ्या हौशी संग्राहकासमोर केव्हा ना केव्हा एखादे नाणे ‘रोमन’ म्हणून ठेवले जाणे स्वाभाविक आहे. त्याने ते कसे पारखावे, आणि पारख झाल्यावरही कोणता प्रश्न शिल्लक राहतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

रॉबर्ट सेवेल यांनी १९०४ मध्ये भारतातील रोमन नाण्यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट आहे, ती ही की असे निधी मुख्यतः दक्षिणेत, कोइमतूरच्या परिसरात आणि कृष्णेच्या खोऱ्यात सापडतात. महाराष्ट्रात सोलापूरकडील दारफळसारखी थोडीच स्थळे सांगता येतात. वस्तुतः रोमन व्यापाराचा या प्रदेशाशी निकट संबंध होता. पैठण व तगर म्हणजे तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जात असे, असे ‘पेरिप्लस’कार सांगतो, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली आहे. मग नाणीच विरळ का? आलेली चांदी वितळवून स्थानिक नाणी पाडली गेली असावीत, हा तर्क मला सयुक्तिक वाटतो. कारण काहीही असो, नकाशावर ठिपके इतके थोडे असताना त्यात एक खोटा ठिपका पडला, तरी व्यापारमार्गाविषयीचे सारे अनुमान कलंडते.

आपल्याकडे सर्वांत अधिक घोटाळा होतो तो पुतळीमुळे. पुतळ्यांच्या माळेतील नाणे सोन्याचे असते, त्यावर लॅटिन अक्षरे असतात, माणसांच्या आकृती असतात. तेव्हा ते रोमन समजले जाते. परंतु ती मूळची व्हेनिसची डुकाट होय. हे नाणे १२८४ पासून पाडले जाऊ लागले, म्हणजे प्राचीन रोमशी त्याचा संबंध नाही. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला नगराध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या लंबवर्तुळात ख्रिस्त दिसतो. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. आपल्याकडे सोनारांनी घडविलेल्या पुतळ्यांवर तर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उरलेल्या असतात. ऑगस्टसचा सुवर्ण ऑरियस पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतो व हाताला जाड लागतो. मात्र वजनावरच विसंबू नये. उत्तरकालीन सॉलिडस साडेचार ग्रॅमचाच असतो.

रुप्याच्या नाण्यांत दुसरी फसगत संभवते. क्षहरात नहपानाच्या नाण्यावर राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे असतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत अशी सुमारे १३,२५० नाणी होती व त्यांतील नऊ हजारांहून अधिक गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसविलेली होती. येथे नाणे उलटून पाहावे, म्हणजे संशय उरत नाही. मागे बाण व वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख दिसला की निर्णय झाला. रोमन देनारियस याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, ऑगस्टसच्या काळी सुमारे ३·९ ग्रॅम, असतो. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने त्याचे वजन व कस दोन्ही उतरविले. भारतात बहुसंख्येने मिळणारे देनारियस त्यापूर्वीचे आहेत, हे लक्षणीय आहे. त्यांत दोन प्रकार पुनःपुन्हा येतात. एकात ढाली-भाल्यांसह उभे असलेले ऑगस्टसचे दत्तकपुत्र गायस व लुसियस; दुसऱ्यात टायबेरियसचे मस्तक व मागे आसनस्थ स्त्री.

ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ व पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. तांब्यावर रुप्याचा पत्रा चढविलेले नाणेही आढळते. पण तेवढ्यावरून ते आधुनिक ठरत नाही, कारण ही लबाडी रोमन काळीही चालत असे. नाण्यावरील घावालाही दोष समजू नये. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टै येथे सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव आहे. तसेच तेर, कोंडापूर येथील रोमन नाण्यांच्या मृण्मय प्रतिकृतींना बनावट म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. त्या अलंकार म्हणून वापरल्या जात असाव्यात, आणि इतिहासाला त्या अस्सल नाण्याइतक्याच मोलाच्या आहेत. घरी आणलेले नाणे चिंच लावून घासण्याची आपली सवय मात्र घातक आहे. त्यामुळे मातीची साक्ष पुसली जाते.

एवढे करून नाणे अस्सल ठरले, तरी ते येथेच सापडले असे सिद्ध होत नाही. चौथ्या शतकातील तांब्याची रोमन नाणी आज परदेशी बाजारात घाऊक व स्वस्त मिळतात. अशा नाण्याला ‘शेतात सापडले’ ही कथा जोडली की किंमत चढते. उघड नकल एखादा जाणकार चटकन बाजूला सारतो. अस्सल नाण्याचे खोटे प्राप्तिस्थान मात्र यादीतून यादीत उतरत जाते. म्हणून ऐकीव स्थळ हे ऐकीव म्हणूनच नोंदवावे. भूमीत मिळालेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले. तळेगाव-आर्वी भागात उद्या खरोखर टायबेरियसचा देनारियस निघालाच, तर काट्यावर ठेवण्याआधी शेताचा गट क्रमांक, खोली आणि सोबतची खापरे यांची नोंद करावी, व मगच तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील जाणकारांना दाखवावा.