विक्रोळीची वेलांटी

लिनक्सच्या काही प्रकारांत तयार प्रोग्राम बसवण्याऐवजी त्याचा सोर्स कोड आणून तो आपल्याच संगणकावर कंपाइल करतात. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे जेंटू. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. तिच्यातले ‘यूज फ्लॅग’ कंपाइल करण्याआधीच ठरवायचे असतात: छपाईची सोय हवी का, ध्वनी हवा का, संदेश कोणत्या भाषेत हवेत. या पर्यायांचा इतिहास सहसा वेगाचा आणि जागेच्या बचतीचा म्हणून सांगतात. मराठीपुरता तरी तो वेगळा आहे. काय गृहीत धरलं आणि काय वैकल्पिक ठेवलं, यावरून प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळतं. देवनागरी वाचणारा तिथे फार उशिरा आला.

व्हिम हा एडिटर ‘मल्टी-बाइट’ पर्याय वगळून कंपाइल केला, तर युनिकोड मजकूर त्याला हाताळता येत नसे. निव्वळ इंग्रजी लिहिणाऱ्याचं त्यात काही बिघडत नव्हतं, थोडी मेमरीच वाचायची. ही सोय व्हिममध्ये सक्तीची झाली ती थेट २०१९ मध्ये. चित्रांवर अक्षरं उमटवणारा इमेजमॅजिक आजही रॅकम या लायब्ररीशिवाय बांधता येतो. तसा बांधून ‘विक्रोळी’ लिहिलं, की पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते आणि ‘क्र’ फुटून पाय मोडका ‘क’ नि सुटा ‘र’ उरतो. ‘बोरिवली’चंही तेच होतं. ‘अंधेरी’ मात्र बहुधा निभावून जाते, त्यामुळे तेवढ्याच नावावर चाचणी घेणाऱ्याला दोष दिसतही नाही.

हा दोष मुळाशी दुरुस्त करण्याचा एक प्रयत्न मुंबईच्या उपनगरातच झाला. १९८५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्रोग्रामने वेगळी तरतूद करण्यापेक्षा पडदा सांभाळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीलाच भारतीय लिप्यांची जुळणी शिकवावी, हा त्यामागचा विचार. तो मार्ग टिकला नाही, हा आक्षेप रास्त आहे. जुळणीचं काम पँगो, क्यूटी आणि नंतर हार्फबझ यांच्याकडे गेलं. पण जुहूतल्या मंडळींना गाभ्यालाच हात घालता आला, तो सोर्स खुला होता म्हणून. कंपाइलचे पर्याय हा त्याच मोकळिकीचा रोजच्या वापरातला, छोटा भाग.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लिब्रेऑफिससारखा प्रोग्राम कंपाइल व्हायला तासन्‌तास लागतात, वीज जळते, आणि वेगात पडणारा फरक नगण्य. जेंटूनेही डिसेंबर २०२३ मध्ये तयार पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. यातलं काहीच नाकारण्यासारखं नाही. मात्र तयार पॅकेज म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्या कोणी निवडलेले पर्याय. निवड टळत नाही, फक्त नजरेआड होते. म्हणून आयुष्यात कधीही काही कंपाइल न करणाऱ्या मराठी माणसालाही हा प्रश्न लागू आहे. आपली लिपी मूळ निवडीतच असावी, अशी मागणी पॅकेज बांधणाऱ्यांकडे करायला सोर्स कोड वाचता यावा लागत नाही. विक्रोळीचं नाव चुकलेलं ओळखता आलं तरी पुरतं.